भाऊसाहेबांचा तोतया

घरांतील मुलें हल्लीं एक जपानी चित्रमालिका आवडीनें पाहतात. तींत कोणी राजपुरुष ओळख लपवून वावरतो. आपल्या इतिहासांतील असली कथा याहून दारुण आहे.

आमच्या बिलोलीपासून फार दूर नसलेल्या उदगिरास १७६० सालीं सदाशिवरावभाऊंनीं निजामास नमविलें. पुढल्याच वर्षीं, १४ जानेवारीस, ते पानिपतावर पडले. परंतु पुण्याची खात्री पटेना. पटावी तरी कशी? खुद्द नाना फडणीस त्या रणांतून वस्त्रें टाकून, लंगोटी नेसून निसटले होते. थोरांनीं भिकाऱ्याच्या वेषांत घरीं यावें असा तो काळ. मग ‘मी भाऊ, इतके दिवस गुप्त होतों’ असें म्हणणारा खोटाच कशावरून?

सुखनिधान नामक कनोजी ब्राह्मणानें नेमका याचाच लाभ घेतला. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींत चौकशी होऊन तो तोतया ठरला व रत्नागिरीस कैदेंत पडला. तथापि १७७६ सालीं तेथील अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे यांनींच त्यास सोडवून भाऊ म्हणून उभें केलें, आणि कोंकणांतील किल्ले भराभर त्याच्या हातीं गेले. (यांत भोळेपणा किती व स्वार्थ किती, हें वाचकांनींच ठरवावें.) अखेर आंग्र्यांनीं त्यास धरिलें व डिसेंबरांत पुण्यास त्याला देहान्त शासन झालें.

राजकारणाचा निकाल लागला. पण पार्वतीबाईंचें काय? तोतया मेला म्हणून भाऊ मेले, असें थोडेंच सिद्ध होतें! त्या साध्वीनें कुंकू पुसलें नाहीं. १७८३ सालीं देह ठेवीपर्यंत त्या सौभाग्यचिन्हें लेवूनच राहिल्या.