‘बिफोर’मध्ये दाखवतात ते आमचं घर

आईचा रडतानाचा एक व्हिडिओ मी २०२२च्या दिवाळीत इन्स्टाग्रामवर टाकला होता. सोळा सेकंदांचा. तिच्या डोळ्यांवर माझे हात, मी तिला दारातून आत आणतोय, हात काढतो, ती इकडं बघते, तिकडं बघते आणि पदर तोंडाला लावते. खाली लाल बदामांची रांग लागली. एवढे व्ह्यूज मला त्याआधी कधी आले नव्हते, नंतरही नाहीत.

ती का रडली हे विचारायला मला दीड वर्ष लागलं.

आमचं गाव जवळा बाजार, तालुका औंढा नागनाथ, जिल्हा हिंगोली. घर जुनं. दगडमातीच्या हातभर जाड भिंती, पुढं ओसरी, आतल्या खोल्यांवर पत्रे, आणि पत्रे उडू नयेत म्हणून त्यांच्यावर दगड. २०२०च्या मार्चमध्ये मी लॅपटॉप घेऊन पुण्याहून या घरात आलो तेव्हा वाटलं होतं, पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. त्या काळात नेटवर्क फक्त मधल्या खोलीत यायचं आणि मधल्या खोलीत हळदीचे कट्टे. एका सकाळच्या कॉलवर टीममधल्या एकानं विचारलं, "ब्रो, गोडाउनमधून काम करतोस का?" सगळे हसले. मीपण हसलो. दुसऱ्या दिवसापासून माझा कॅमेरा बंद.

त्याच काळात रात्री मी ‘इंटिरिअर डिझाइन मास्टर्स’ बघायला लागलो. बीबीसीचा कार्यक्रम, २०१९ साली सुरू झालेला. होतकरू डिझायनर, दर आठवड्याला नवी जागा, हातात थोडे दिवस आणि ठरलेलं बजेट. शेवटी परीक्षक येतात, फटी बघतात, रंग कुठं सांडला ते बघतात आणि एक जण घरी जातो. वाईट बनवलेला नाही तो, अडचण तीच आहे. मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बघायचो. उजेड कसा खेळवायचा, छोटी खोली मोठी कशी भासवायची, हे त्यातून खरंच कळतं. पण त्यासोबत आणखी एक गोष्ट मी शिकत होतो, आणि ती कुठल्याच एपिसोडच्या नावात नसते: स्वतःच्या घराची लाज कशी बाळगायची.

या प्रकारच्या कार्यक्रमात ‘बिफोर’ कसा दाखवतात ते एकदा आवाज बंद करून बघा. प्रकाश फिका. कॅमेरा हलतो आणि नेमका कोपऱ्यातल्या पसाऱ्यावर थांबतो. दोरीवरचे कपडे, कपाटावर ठेवलेल्या बॅगा, भिंतीला टेकवलेली शिडी. म्हणजे जिथं माणसं राहतात त्याच्या खुणा. मग ‘आफ्टर’ येतो: स्वच्छ ऊन, तीन लिंबं ठेवलेला काचेचा वाडगा, आणि माणूस राहतो असं सांगणारी एकही वस्तू नाही. फरक भिंतीच्या रंगाचा असतोच, पण त्याहून मोठा फरक हा की ‘आफ्टर’मध्ये अजून कुणी राहायला सुरुवात केलेली नसते. आणि तो बिफोर बघताना माझ्यासारख्याला कळतं, अरे, हे तर आमचं घर.

मी लाजेपोटी कर्ज काढलं. चार लाख दहा हजार, पर्सनल लोन. आई आणि अण्णांना परभणीला मावशीकडं पाठवलं आणि बारा दिवसांत घर ‘केलं’. पत्र्यांखाली पीओपीचं सिलिंग, त्यात निळी-जांभळी एलईडी पट्टी, राखाडी भिंती, मॉड्युलर किचन, मधल्या खोलीत सोफा. भिंतीतले कोनाडे बुजवले. आमचा मिस्त्री म्हातारा माणूस, तो म्हणाला होता, "दादा, कोनाडे राहू देत. मायच्या कामाला येतेत." मी त्याला मोबाईलवर फोटो दाखवला. फोटोत कोनाडे नव्हते.

इथंच या कार्यक्रमांवरचा माझा मुख्य आक्षेप येतो. घर कुणासाठी करताय, या प्रश्नाचं त्यांच्याकडं असलेलं उत्तर खोटं आहे. सांगायला मालकासाठी, प्रत्यक्षात कॅमेऱ्यासाठी. म्हणून तर मालकाला आधी घराबाहेर काढावं लागतं. १९९६ साली बीबीसीनं ‘चेंजिंग रूम्स’ सुरू केलं, त्यात शेजारी दोन दिवसांसाठी एकमेकांची घरं घ्यायचे आणि पाचशे पौंडांत, डिझायनरच्या सल्ल्यानं, दुसऱ्याची एक खोली बदलून टाकायचे. एका भागात एका बाईंचा जुन्या किटल्यांचा हजारो पौंडांचा संग्रह डिझायनरनं हौसेनं टांगत्या फळ्यांवर मांडला. रात्रीतून फळ्या कोसळल्या, किटल्यांचा चुरा. ब्रिटनमध्ये लोक अजून हा किस्सा हसत सांगतात. मला त्यात हसू येत नाही. वजन किती आहे हे त्या बाईंना माहीत असणार, पण त्यांना विचारायची सोयच त्या खेळात नव्हती. विचारलं तर सरप्राइज कसलं?

अमेरिकेनं हे आणखी फुगवलं. २००३ ते २०१२ चाललेल्या ‘एक्स्ट्रीम मेकओव्हर: होम एडिशन’मध्ये कुटुंबाला सुट्टीवर पाठवून सात दिवसांत जुनं घर पाडून नवं उभं करायचे. पुढं बस आडवी, गर्दी ओरडते ‘मूव्ह दॅट बस’, बस हलते, लोक रडतात, कार्यक्रम संपतो. घर मात्र संपत नाही. त्याचा कर असतो, विजेचं बिल असतं. जॉर्जियातलं असंच २००५ साली बांधून दिलेलं एक घर मालकांनी साडेचार लाख डॉलरच्या कर्जासाठी तारण ठेवलं, धंदा बुडाला आणि २००८मध्ये ते घर जप्तीला लागलं. कर्ज त्यांनी काढलं, शोनं नाही, हे मान्य. पण ज्या कॅमेऱ्यानं त्यांचं आनंदाचं रडणं टिपलं, त्याच्या लेखी ही गोष्ट बस हलली तेव्हाच संपली होती.

आमच्या धंद्यात याला डेमो म्हणतात. डेमोत सगळं चालतं. क्लायंट टाळ्या वाजवतो. खरं काम नंतर सुरू होतं, जेव्हा सॉफ्टवेअर प्रॉडक्शनला जातं आणि रात्री तीनला फोन येतो. ज्यानं लिहिलं त्यानंच तो फोन उचलायचा, असा आमच्या टीमचा नियम आहे, आणि त्या नियमामुळं आम्ही जरा भानावर राहून कोड लिहितो. डिझायनरांच्या स्पर्धेत तो फोन कुणीच उचलत नाही. विजेता ठरतो डेमोवर.

आमच्या घरी तो फोन २०२३च्या एप्रिलमध्ये वाजला. हळद काढली, शिजवली, वाळवली, पॉलिश केली. आता ठेवायची कुठं? मधल्या खोलीत सोफा. आई मला फोनवर म्हणाली, "लेकरा, कट्टे कुठं टाकू रे?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. ओसरीत ठेवले, एका रात्री पाऊस आला, दोन कट्टे भिजले. अण्णांनी घाबरून उरलेला सगळा माल वसमतला नेऊन विकून टाकला. आमच्याकडं दरवर्षी थोडा माल भाव बघून मागं ठेवतात. त्या वर्षी ठेवता आला नाही, आणि त्याच वर्षी ऑगस्टपर्यंत हळदीचा भाव दुपटीहून वर गेला. माझ्या सोफ्याची खरी किंमत बिलात नव्हती. मी ज्याला गोडाउन समजून लाजत होतो, ती खोली म्हणजे अण्णांची थांबायची ताकद होती. शेतकऱ्याच्या घरात धान्य-हळद ठेवायची जागा असणं म्हणजे काय, हे कुठल्या परीक्षकाच्या मार्कांत बसतं?

कुणी म्हणेल, मनोरंजन आहे, एवढं काय मनावर घ्यायचं. असं म्हणणाऱ्यांना मी आपल्याकडच्या यूट्यूबवर पाठवीन. २०१७पासून एक रंगाची कंपनी सिनेनटांची आणि खेळाडूंची घरं दाखवतेय. २०२२मध्ये गौरी खान यांचा ‘ड्रीम होम्स’ आला, तिथंही बदलतात त्या सेलिब्रिटींच्याच जागा. छान असतात. पण रंग विकणाऱ्यानं घर दाखवलं की त्यात भिंत हिरो असणार, हे कळायला इंजिनिअर असावं लागत नाही. याउलट ‘होम मिनिस्टर’ आठवून बघा. २००४पासून आदेश बांदेकर दोन-दोन खोल्यांच्या घरांत शिरत राहिले. त्या कार्यक्रमावर माझे दहा आक्षेप आहेत, पैठणीवर तर आहेतच, पण त्यात कुणी घराला मार्क दिल्याचं मला आठवत नाही. टीपॉय बाजूला सरकवायचा, खेळ खेळायचा, टीपॉय परत जागेवर.

आणि आपल्याला हा प्रश्न टीव्हीवरून समजून घ्यायची गरजच नाही. मराठवाड्यानं तो फार मोठ्या किमतीला शिकलाय. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती बुडवून लोक झोपले असताना, किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसं गेली, बरीचशी दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदांखाली. नंतर जागतिक बँकेच्या मदतीनं पुनर्वसन झालं, आणि त्यात नकळत दोन पद्धती शेजारीशेजारी राबवल्या गेल्या. ५२ गावं दुसरीकडं हलवून नवी बांधली: सरळ रेषांचे रुंद रस्ते, आखीव प्लॉट, जमिनीच्या मालकीनुसार २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांची घरं. नकाशात देखणी. राहायला गेल्यावर भावकी विखुरली, गल्ली गेली, बैल कुठं बांधायचे आणि धान्य कुठं ठेवायचं हे प्रश्न उरले, आणि लोकांनी त्या आखीव घरांना पत्र्याचे आडोसे जोडायला सुरुवात केली. दुसरीकडं जवळपास दोन लाख घरांची दुरुस्ती जागच्या जागी झाली. पैसे टप्प्याटप्प्यानं मालकाला, तांत्रिक सल्ला इंजिनिअरचा, पण काय ठेवायचं आणि काय पाडायचं ते घरवाल्यानं ठरवायचं. गावागावांत बायका ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या होत्या, त्या घरोघर जाऊन काम बघायच्या, शंका सोडवायच्या. जुनं घर धोक्याचं होतं, ते बदलायलाच हवं होतं, यात मला शंका नाही. मातीचं म्हणजे सगळं सोनं, असं म्हणणाऱ्यांनी किल्लारीला जाऊन यावं. मुद्दा बदलायचं की नाही हा नाहीच. घर बदलताना त्या घरातली बाई परभणीला मावशीकडं होती की तिथंच उभी होती, हा आहे.

२०२४मध्ये घरकुल योजनेत सपाटीच्या भागात १ लाख २० हजार मिळत होते, किमान २५ चौरस मीटर बांधायचं. रक्कम पुरत नाही, हे कुठल्याही गावात विचारा. प्रत्येक टप्प्याचा फोटो ॲपवर चढवायचा, म्हणजे बिफोर-आफ्टर तिथंही आहे. पण नियमात एक ओळ शहाणपणाची आहे: ठेकेदार नेमायचा नाही, लाभार्थ्यानं स्वतः बांधायचं. मी चार लाख दहा हजारांत जे केलं नाही, ते या ओळीनं कागदावर का होईना केलंय.

मला स्पर्धा बंद व्हायला नकोय. मला तिचा निकाल उशिरा लागायला हवाय. एक पावसाळा जाऊ द्या, एक सुगी जाऊ द्या, घरात एक बाळंतपण नाहीतर एक आजारपण होऊ द्या, मग कॅमेरा न्या. परीक्षक म्हणून त्या घरात झाडू मारणारीला बसवा. ती फटी बघणार नाही, सोफा सरकवून त्याखाली केरसुणी जाते का ते बघेल. आणि ज्या सुतारानं रात्रभर जागून ती फळी मारली त्याचंही नाव पाटीवर येऊ द्या. असा एपिसोड मी दोन वेळा बघीन.

२१ मार्च २०२४ला सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी आमच्या जिल्ह्यात ४.५चा धक्का बसला. सुमारे दहा मिनिटांनी दुसरा. प्रशासनानं आवाहन केलं की पत्र्यांवर ठेवलेले दगड काढून घ्या. आमच्या पत्र्यांवर दगड होतेच, ते मी बारा दिवसांत बघितले नव्हते, कारण ते खालून दिसत नव्हते आणि खालून न दिसण्याची सोय मीच करून ठेवली होती. धक्क्यानं पीओपीचा एक पट्टा देवघरासमोर पडला. आई तेव्हा अंगणात सडा टाकत होती.

मी दुपारची गाडी पकडून गावी आलो. रात्री लाइट गेली. आई स्वयंपाकघरात काडेपेटी शोधत होती, एकेक ड्रॉवर उघडत, आणि सापडत नव्हती. पूर्वी कोनाड्यात हात घातला की सापडायची, अंधारातसुद्धा. तेव्हा मी विचारलं, त्या दिवशी रडलीस का?

ती म्हणाली, "असं आवरून ठिवलं होतंस की आम्ही इथं राहतच नव्हताव जणू." थोडा वेळ गेला. "लाज वाटत होती तर सांगायचं होतंस. आम्ही काय नाही म्हणलं असतं?"

व्हिडिओ मी त्याच रात्री काढला. पत्र्यांवरचे दगड काढून त्यांना हुकानं आवळून घेतलं, सोफा मावसभावाला दिला, आणि त्याच म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलावून तीन कोनाडे परत उघडले. चौथा सापडला नाही. कुठं होता त्यावर आई आणि मिस्त्री यांचं भांडण झालं. कर्जाचे अकरा हप्ते अजून बाकी आहेत. उरलेलं सिलिंग काढावं असं माझं आणि आईचं मत आहे, पण अण्णा ऐकत नाहीत. त्यांना ती निळी-जांभळी लाइट आवडते. रोज जेवण झालं की ते ती लावून खाली पडून राहतात.