करडईचा काटा आणि विस्ताराचे काम

रब्बीच्या नियोजनात करडईचा विषय निघाला की चर्चा बहुधा एकाच वाक्यावर थांबते : ‘काढणीला माणूस मिळत नाही.’ हे वाक्य सबब म्हणून बाजूला सारण्याजोगे नाही. महाराष्ट्र, कर्नाटक व तेलंगण या राज्यांतील कोरडवाहू काळ्या जमिनीत करडई हे एकेकाळी प्रमुख तेलबिया पीक होते. देशात कित्येक लाख हेक्टरांवर असलेले हे क्षेत्र आज एक लाख हेक्टरांच्या आत आले आहे. या घसरणीचे खापर शेतकऱ्यांच्या अनास्थेवर फोडणे अन्यायाचे होईल.

पिकाचे गुण वादातीत आहेत. सूर्यफूल, शेवंती व झेंडू यांच्याच कुळातील या वनस्पतीचे सोटमूळ खोलवर जाते आणि वरचा थर कोरडा पडल्यावरही खालच्या ओलाव्यावर पीक तग धरते. तेलात लिनोलिक आम्लाचे प्रमाण सुमारे ७० ते ७५ टक्के असते. खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आयातीने भागविणाऱ्या देशाला असे पीक गमावणे परवडणारे नाही.

अडचण पिकाच्या काट्यात आहे. ज्वारी-हरभऱ्याच्या कडेने करडईच्या ओळी पेरल्या की मोकाट जनावरे शेतात शिरत नसत. मात्र हाच काटा काढणीच्या वेळी मजुरांच्या हातापायांत रुततो. म्हणूनच दवाने काटे नरम असताना, भल्या पहाटे, हातांना फडकी गुंडाळून कापणी करण्याची रीत पडली. घरची माणसे शेतात होती तोवर ही रीत टिकली. ती कमी होताच पीकही मागे हटले.

या प्रश्नाची उत्तरे संशोधनाने दिली आहेत. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेला ‘नारी-६’ हा बिनकाटेरी वाण आहे. त्याच्या पाकळ्या सुकू लागल्यावर वेचून रंगासाठी व चहासाठी विकता येतात. काटेरी वाणांची काढणी व मळणी कंबाईन हार्वेस्टरने एकाच फेरीत होते. परंतु बिनकाटेरी वाणाला राखण लागते आणि चार-दोन एकरांच्या विखुरलेल्या तुकड्यांसाठी यंत्र गावात येत नाही. म्हणजे उरलेला प्रश्न संघटनेचा आहे आणि तो विस्तार यंत्रणेच्या कक्षेत येतो.

भावाचेही तसेच आहे. २०२५-२६ च्या रब्बी विपणन हंगामासाठी करडईची किमान आधारभूत किंमत क्विंटलला ५,९४० रुपये, तर हरभऱ्याची ५,६५० रुपये जाहीर झाली. तरीही शेतकरी हरभऱ्याकडेच वळतो, कारण हरभऱ्याला जवळच्या बाजारात गिऱ्हाईक हमखास भेटते. जाहीर झालेला भाव आणि हाती पडणारा भाव यांतील अंतर शेतकरी अनुभवाने ओळखतो.

यास्तव करडईच्या प्रात्यक्षिकांची रचना बदलणे आवश्यक आहे. एका गावात एका शेतकऱ्याला बियाण्याची पिशवी देऊन भागणार नाही. लगतच्या शेतांचा सलग पट्टा निवडावा. सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या पूर्वार्धापर्यंत, माव्याचा जोर टाळण्यासाठी वेळेवर आणि सर्वांनी एकाच सुमारास पेरणी करावी. हार्वेस्टरची बोली पेरणीपूर्वीच व्हावी. तेलघाणा चालविणारे गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनी यांच्याशी खरेदीचा शब्दही तेव्हाच घ्यावा. पाणी साचणाऱ्या जमिनीत करडईचा आग्रह धरू नये. तेथील एक अपयश साऱ्या गावाला पिकापासून दूर नेते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने तेलबियांसाठी राष्ट्रीय अभियानास मंजुरी दिली. त्याचे यश वाटलेल्या बियाण्यावरून मोजले जाऊ नये. प्रात्यक्षिकात भाग घेतलेल्या शेतकऱ्याने पुढल्या वर्षी स्वतःच्या खर्चाने करडई पेरली की नाही, हीच त्याची खरी कसोटी ठरेल.