किल्ली कोणाच्या हाती?

दूरच्या संगणकावर चालणारा प्रोग्राम आपल्या टेबलावरील ब्राउझरमध्ये उघडावा, यासाठीही ‘प्लगइन’ नावाची जोडणी वापरली गेली. नेटस्केपची पद्धत १९९५ मध्ये आली, मायक्रोसॉफ्टचे ॲक्टिव्हएक्स १९९६ मध्ये. कार्यालयांना ही सोय स्वस्त वाटली. तिची किल्ली मात्र खाजगी कंपन्यांच्या खिशात राहिली.

याचे फळ दक्षिण कोरियाने भोगले. त्या काळी सबळ सांकेतिकीकरणाच्या निर्यातीवर अमेरिकेचे निर्बंध होते. बाहेर जाणाऱ्या ब्राउझरला ४० बिटांचेच संरक्षण मिळे. म्हणून कोरियाने ‘सीड’ ही १२८ बिटांची स्वतःची पद्धत निर्माण केली. स्वावलंबनाचे हे पाऊल स्तुत्यच होते. परंतु ती ब्राउझरमध्ये बसविण्यासाठी ॲक्टिव्हएक्सचा आश्रय घेतला गेला, आणि ते केवळ इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चाले. १९९९ च्या डिजिटल स्वाक्षरी कायद्यातून उभ्या राहिलेल्या प्रमाणपत्र-व्यवस्थेत सामान्य खातेदार अशा रीतीने एका परदेशी कंपनीचा सक्तीचा गिऱ्हाईक बनला. त्या प्रमाणपत्रांचे विशेष स्थान संपुष्टात यायला डिसेंबर २०२० उजाडावा लागला.

दरम्यान क्रोमने २०१५ मध्ये नेटस्केप-पद्धतीची प्लगइने बंद केली, फायरफॉक्सने २०१७ मध्ये फ्लॅश वगळता सारी; जून २०२२ मध्ये एक्सप्लोररही निवृत्त झाला. संगणकात मोकळा शिरकाव करणारी ही साधने असुरक्षितच होती. ती गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की निर्णय कोणी घेतला आणि भुर्दंड कोणी सोसला? निर्णय कंपन्यांचा, जुनी यंत्रणा नव्याने बांधण्याचा खर्च ती वापरणाऱ्यांचा, आणि त्यांत सार्वजनिक संस्थाही आल्या. नफा खाजगी, तोटा सार्वजनिक, हे मक्तेदारीचे जुनेच गणित आहे.

पर्याय नाही असे मात्र नव्हे. अपाची ग्वाकामोले हा मुक्त प्रोग्राम प्लगइनशिवाय, खुल्या मानकांच्या आधारे, दूरचा संगणक ब्राउझरमध्ये दाखवितो. भारत सरकारनेही खुल्या मानकांचे धोरण २०१० मध्ये आणि मुक्त सॉफ्टवेअरचे २०१५ मध्ये जाहीर केले. पण धोरण कागदावर असून भागत नाही. त्याची कसोटी निविदेत लागते. नगरपालिका, सहकारी बँका, विद्यापीठे यांच्या प्रत्येक संगणकीय करारात खुल्या मानकांची आणि मूळ आज्ञावलीवरील हक्काची अट घातली जावी, असा आग्रह कार्यकर्त्यांनी धरला पाहिजे. जनतेच्या पैशाने बसविलेल्या दाराची किल्ली जनतेकडेच हवी.