भरतीच्या आत घरी



आज खत-बियाण्याचा विषय जरा बाजूला ठेवून तुम्हाला दर्यावर नेणार आहे. घाबरू नका, शेवटी परत बांधावरच आणून सोडीन.

मालवण तालुक्यात देवबाग नावाचे गाव आहे. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी आणि मध्ये माडांनी भरलेली वाळूची चिंचोळी पट्टी. तिथे माझे एक जुने स्नेही राहतात. सगळे त्यांना तात्या म्हणतात, मीही तात्याच म्हणतो. खाडीपलीकडच्या गावात त्यांची थोडी भातशेती आहे, दारात माड आहेत आणि हंगामात गळ टाकून मासे गरवण्याचा नाद आहे. त्यांच्या मुलाने पर्यटकांसाठी दोन ‘कयाक’ घेतल्या आहेत. गेल्या पौषात मी मुक्कामाला गेलो, तेव्हा तात्या म्हणाले, “सायबानू, सकाळी हेतूनच गरवूक जावया.”

कयाक म्हणजे एकदोघांची लांबट, हलकी होडी. मूळची ती उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची. ते सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बनवीत आणि शिकारीला जात. आताची ही प्लॅस्टिकची. आपण वरच बसायचे आणि दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पाणी मागे सारायचे. वर आलेले लाटेचे पाणी तळाच्या भोकांतून आपोआप निघून जाते. इंजिन नाही, डिझेल नाही. पण वजनाने हलकी असल्यामुळे वारा नेईल तिकडे ती जाते, हे मात्र ध्यानात ठेवावे.

तात्यांनी निघण्याआधी बोटांवर हिशेब केला. तुम्हीही तो शिकून ठेवा. तिथीला पाऊणाने गुणले की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. त्या दिवशी शुद्ध चतुर्दशी होती. 14 ची पाऊणपट साडेदहा. हा हिशेब मुंबईच्या बाजूला चांगला जमतो. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते, म्हणून तात्यांनी दहा धरले. प्रत्येक खाडीची वेळ थोडी मागेपुढे असते, तेव्हा तिथल्या जाणत्याला विचारल्याखेरीज पाण्यात जाऊ नये.

“धाच्या आत खाडीत परत,” तात्यांनी बजावले. मी मान डोलावली. अंगात जीवरक्षक जाकीट, गळ्यात शिट्टी, पाण्याची बाटली, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला मोबाईल आणि मागे बर्फाची थर्माकोलची पेटी. कुठे जातो आणि कधी येतो हे घरी सांगून पाचला निघालो. चंद्र पश्चिमेला टेकला होता आणि जमिनीवरून येणारा मतलई वारा पाठीला गार लागत होता.

किनाऱ्यापासून अर्ध्या मैलावर, वाळूच्या तळावर नांगर टाकला. गळाला कोळंबीचे तुकडे लावले. दोन तासांत पाचसहा मुडदुशा मिळाल्या. मग माझ्या दोरीला जोराचा हिसका बसला. वर आली ती शिंगटी! मी हात पुढे केला तसे तात्या ओरडले. शिंगटीच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना विषारी काटे असतात. कयाकमध्ये आपले पाय उघडे आणि मासा मांडीजवळ. तात्यांनी पकडीने गळ सोडवून ती पाण्यात टाकली. कधी तिचा काटा लागलाच, तर ती जागा सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावी, वेदना कमी होते. पण चटका बसणार नाही हे पाहावे आणि मग डॉक्टरकडे जावे.

नऊच्या सुमारास बांगड्यांचा थवा आला. गळ टाकायचा अवकाश, की बांगडा! मी तर पोरासारखा हरखून गेलो. दहा-बारा झाले असतील, तेवढ्यात तात्यांनी आपली दोरी गुंडाळायला घेतली. “वारो बदाललो. चला, घराक जावया.”

वायव्येकडून वारा सुटला होता खरा, पण ऊन छान होते आणि समुद्र फारसा उसळलेला नव्हता. मी म्हटले, “तात्या, आत्ताच तर मासा लागतोय. अर्धा तास थांबू.”

तात्या क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “त्या वर्षी भाताक मी तुमचा आयकलंय नाय. आज तुमी माझा आयका.”

मी निमूट नांगर ओढला.

त्या वर्षीची गोष्ट अशी. ऑक्टोबरात तात्यांचे भात कापणीला आले होते. मी बांधावर उभा राहून सांगितले होते, की लोंबीतले शंभरातले ऐंशी-पंच्याऐंशी दाणे पिवळे झाले की कापावे, शेवटच्या हिरव्या दाण्याची वाट पाहू नये. तात्या म्हणाले, अजून चार दिवस, दाणा भरेल. तिसऱ्या रात्री परतीचा पाऊस आला. भात आडवे झाले आणि निम्म्या लोंब्यांना शेतातच कोंब फुटले. मी त्यांना त्यावरून कधी बोललो नाही, त्यांनीही तो विषय काढला नव्हता. तो निघाला त्या दिवशी, भर दर्यात.

भरतीच्या पाण्याने आम्हाला अलगद खाडीत आणून सोडले. पावणेदहाला दारात होतो. वहिनींनी चहा दिला. अकरा-साडेअकराला तात्यांनी मला किनाऱ्यावर नेऊन खाडीचे तोंड दाखवले. ओहोटी लागली होती. खाडीचे पाणी जोराने बाहेर निघत होते आणि वाऱ्याच्या लाटा समोरून आत येत होत्या. दोन्हींची टक्कर होऊन तोंडाशी लाटा उभ्या राहून फुटत होत्या, पांढरी भिंतच जणू. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, तेव्हा हा ओढ फार. आमची हलकी कयाक तिथे उलटायला वेळ लागला नसता. मी काही बोललो नाही. तात्यांनीही काही बोलून दाखवले नाही.

दुपारी तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले जेवलो. एक सांगून ठेवतो. बांगडा पकडल्याबरोबर बर्फात ठेवावा. उन्हात राहिला तर त्यात हिस्टामीन तयार होते आणि ते शिजवूनही जात नाही. अंग लाल होणे, डोके दुखणे, उलट्या हे त्रास त्यानेच होतात.

तुमच्यापैकी कुणी किनाऱ्यावर गेलात, तर पावसाळ्यात असल्या होडीत पाऊल ठेवू नका. एकट्याने जाऊ नका. अडचण आली तर तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक लक्षात ठेवा.

आणि आता बांधावर परत येऊ. मंडळी, तीस वर्षे मी लोकांना सांगत आलो, की हाती येत असते तेव्हाच थांबायला शिकावे. त्या दिवशी माझ्याच हाती येत होते आणि मला थांबायचे नव्हते! तेव्हा कळले, की तात्यांनी चार दिवस का मागितले होते. ते काही अडाणीपणाने नव्हे. आणखी थोडे मिळेल ही आशा शिकलेल्यालाही सुटत नाही. म्हणून परतायची वेळ घरातून निघतानाच ठरवावी, आणि ती पाळायला लावणारा सोबती बरोबर असावा. भात कापायचे असो, कांदा विकायचा असो, की मासे गरवायचे असोत.

भेटू पुढच्या अंकात.