बलकाचा रंग आणि खोक्यावरील मजकूर

परवा घरी दोन अंडी एकाच बशीत फोडली असता, एकाचा बलक फिकट पिवळा व दुसऱ्याचा गर्द केशरी निघालेला पाहून स्वयंपाकघरातील मंडळींनी केशरी बलकाच्या बाजूने तत्काळ निकाल दिला. आणि ते अंडे ‘शैवालयुक्त खाद्यावरील’ म्हणून मीच जवळजवळ दुप्पट दाम मोजून आणलेले असल्यामुळे, त्या निकालावर अपील करण्याची माझीही छाती झाली नाही.

वस्तुतः बलकाचा रंग कोंबडी स्वतः निर्माण करीत नाही. तो तिच्या खाद्यातून येतो. पिवळ्या मक्यातून, झेंडूच्या पाकळ्यांच्या अर्कातून, किंवा आपल्या लोणारच्या खाऱ्या सरोवरातही आढळणाऱ्या स्पिरुलिनातून. उघड्या हौदांत, उन्हात वाढणारे हे निळेहिरवे शैवाल वाळवले म्हणजे त्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग प्रथिनांचा भरतो, आणि बलकाला रंगही चढतो. परंतु मेंदू व दृष्टी यांना उपकारक म्हणून ज्याची महती सांगितली जाते, ते डीएचए नावाचे ओमेगा-३ मेदाम्ल त्यात जवळजवळ नसतेच. ते देणारे स्किझोकायट्रियम अगदी निराळे: बंद पोलादी टाक्यांत, उजेडावाचून, साखरेवर पोसलेले, काटेकोर शास्त्रज्ञ तर त्यास शैवाल म्हणण्यासही राजी नसतात. शिवाय डीएचएला स्वतःचा रंग नाही, हे बशीत डोकावणाऱ्यांस कोण सांगणार?

शैवालाला माझा विरोध आहे, असा ग्रह मात्र कोणी करून घेऊ नये. मासळीच्या अंगचे डीएचएही मुळात समुद्रातील सूक्ष्म शैवालांकडूनच आलेले असते. तेव्हा खाद्यात मासळीचे तेल मिसळून अंड्यास तिचा वास आणण्यापेक्षा थेट उगमाकडे जाणे शहाणपणाचेच. विदर्भात पिकणाऱ्या जवसातूनही कोंबडी डीएचए घडवते, पण थोडेच. अडचण आहे ती खर्चाची. अंडी देणारी कोंबडी दररोज सुमारे ११० ग्रॅम खाद्य खाते, अंड्याच्या उत्पादनखर्चात सर्वांत मोठा वाटा या खाद्याचाच असतो, आणि मका व सोयापेंडीच्या हिशेबात शैवालाची चिमूटही भारी पडते.

म्हणूनच, ज्यादा दाम घेणाऱ्याने ‘शैवालयुक्त’ असा मोघम शब्द न छापता, शैवाल कोणते आणि एका अंड्यात डीएचए किती मिलिग्रॅम, हे खोक्यावर स्पष्ट नमूद करावे. आणि गिऱ्हाइकाने बलक पाहण्याआधी तो आकडा पाहावा. आमच्या खोक्यावर हिरव्या कुरणाचे सुरेख चित्र होते, आकडा नव्हता.