जुनी डिझेल गाडी घ्यावी का?

भाताची झोडणी उरकली, इंद्रायणीची पोती विकली गेली, की भोर-वेल्ह्याच्या गावांतून एक प्रश्न हमखास कानावर येतो. "साहेब, पुण्याला एक डिझेल गाडी निघालीय. दीड लाख किलोमीटर चाललीय, पण स्वस्तात मिळतेय. घेऊ का?" गाडीचा पैसा शेवटी शेतीतूनच जायचा. म्हणून या खेपेला खत-बियाणे बाजूला ठेवून या गाडीचा हिशेब मांडू.

आपल्या भागात गाडीची गरज खोटी नाही. तोरण्या-राजगडाच्या पायथ्याची वाडी असो, नाहीतर भाटघर धरणाच्या पाण्यामागचे गाव असो, रात्री-अपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचे तर एसटी कुठून येणार? तेव्हा गाडी घेऊच नका, असे मी म्हणणार नाही. पण ही गाडी, या पैशात, आपल्या वापराला परवडते का, हे आधी पाहावे.

या गाड्या स्वस्त का झाल्या, तेही समजून घ्या. पेट्रोलचे दर सरकारने २०१० मध्ये मोकळे केले, डिझेलचे मात्र ऑक्टोबर २०१४ मध्ये. मधल्या काळात दोन्हींच्या दरांत मोठी तफावत पडली आणि शहरातल्या लोकांनी डिझेल गाड्या भराभर घेतल्या. त्याच गाड्या आता लाख-दोन लाख किलोमीटर चालून विक्रीला येतात. पुढे ती तफावतही कमी झाली आणि मारुतीसारख्या कंपनीने २०२० पासून डिझेल मोटारी बनवणेच थांबवले. म्हणजे शहरवाल्याला जी गाडी आता परवडत नाही, ती आपल्याला परवडेल का, याचा विचार करायचा आहे.

आता आकडे घ्या. जुनी पेट्रोल गाडी लिटरला १३ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०४ रुपये आहे, असे धरा. किलोमीटरला ८ रुपये झाले. डिझेल गाडी १८ देते आणि डिझेल ९० रुपये धरा. किलोमीटरला ५ रुपये झाले. बचत ३ रुपयांची. महिन्याला ४०० किलोमीटर फिरणाऱ्याचे वर्षाला १४,४०० रुपये वाचतील. महिन्याला १,५०० किलोमीटर फिरणाऱ्याचे ५४,००० वाचतील. तुमच्या पंपावरचा आजचा दर घालून हाच हिशेब पुन्हा करा.

ही बचत सगळी खिशात राहत नाही. दीड लाखाच्या पुढे गेलेल्या डिझेल गाडीला नोझल, पंप, टर्बो, क्लचप्लेट यांपैकी काही ना काही काम निघतेच, आणि डिझेलचे काम पेट्रोलपेक्षा महाग पडते. थोडे फिरणाऱ्याची वर्षाची बचत एका दुरुस्तीत जाऊ शकते. शिवाय रोज डेअरीपर्यंत दोन-चार किलोमीटर जाऊन परत येणाऱ्याचे डिझेल इंजीन नीट तापतच नाही. २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून लांब चालवावी लागते, नाहीतर ती तुंबते. म्हणून जो आठवड्यातून चार वेळा पुण्याला माल घेऊन जातो, त्याने डिझेलचा विचार करावा. ज्याची धाव गावापासून नसरापूरपर्यंतच, त्याने जुनी पेट्रोल गाडी पाहावी.

बैल घेताना आपण दात बघतो, पण तेवढ्यावर थांबत नाही. औताला जुंपून पाहतो. गाडीचा मीटर म्हणजे बैलाचे दात. मीटर मागे फिरवताही येतो. तेव्हा पायाखालच्या पेडलचे रबर, स्टिअरिंग आणि सीट किती झिजले आहे ते बघा, आणि सर्व्हिसिंगची पावती-पुस्तके मागा. वेळेवर ऑईल बदललेली दोन लाखांची गाडी हयगय झालेल्या लाखाच्या गाडीपेक्षा बरी.

गाडी सकाळी, इंजीन थंड असताना सुरू करून पाहा. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या. निळा धूर आला तर इंजीन ऑईल जाळते. काळा धूर राहिला तर नोझल, हवेची जाळी किंवा टर्बोकडे बघा. तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर आत पाणी जात असण्याचा संभव असतो. ऑईलच्या झाकणाला दुधासारखा चिकट थर दिसला, तर तसाच संशय घ्या. मग चार माणसे बसवून गाडी पाबे घाटात चढवा. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच गेला समजा. उतारावर ब्रेक पाहा. आपल्याकडचा पाऊस पत्रा खातो, तेव्हा गाडीखाली वाकून गंजही पाहा. सोबत आपल्या ओळखीचा मेस्त्री न्या, विकणाऱ्याचा नको.

जमीन घेताना सातबारा पाहता, तसे गाडीचे आरसी बुक पाहा. त्यावर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. थकलेली चलने तपासा. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०१२ ची गाडी २०२७ मध्ये पुन्हा तपासणीला न्यावी लागेल. मोटारीच्या फेरनोंदणीची फी एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाली, आणि २० वर्षांवरील गाडीची २०२५ मध्ये १०,००० झाली. वर पर्यावरण कर वेगळा. दिल्लीकडची गाडी फारच स्वस्त मिळाली तर सावध राहा. तिकडे १० वर्षांवरील डिझेल गाड्यांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केली होती, तेव्हा अशा गाड्या परराज्यांत जाऊ लागल्या. तिथला ना हरकत दाखला आणि इथला कर यांचा खर्च किमतीत धरा.

गाडी ३० दिवसांत आपल्या नावावर करण्याचा अर्ज द्या. विमाही नावावर करून घ्या. आणि पांढऱ्या पाटीच्या गाडीतून भाडे घेऊन वडाप करू नका. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि भरपाई जमिनीवर येते.

माझा सल्ला असा. जेवढे पैसे जमले आहेत त्यातल्या पाऊण भागातच गाडी बसली पाहिजे. उरलेला पाव भाग पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीला ठेवा. गाडीसाठी दागिने गहाण ठेवू नका, आणि पीककर्ज तर बिलकुल वळवू नका. रोपवाटिकेच्या वेळी खताला पैसा नसेल तर दारातली गाडी भात पिकवून देणार नाही.

विसार देण्याआधी दोन महिने एक वही ठेवा. गावातली जीप किती वेळा सांगितली, कशासाठी, किती किलोमीटर आणि किती भाडे, हे रोज लिहा. लिहिण्याचे काम घरातल्या बाईमाणसाकडे द्या. दवाखाना, शाळा, माहेर यांच्या फेऱ्या तिच्या ध्यानात असतात. दोन महिन्यांनी बेरीज करा आणि सगळ्यांनी बसून ठरवा. तोवर विकणारा घाई करील, "उद्या गाडी राहणार नाही" म्हणेल. जाऊ द्या. अशा गाड्या पुण्यात रोज विकायला निघतात.