'क्रेडिट' म्हणजे नेमकं काय? आधी विचारा, मग माल द्या



धंद्यात रोज कानावर पडणारा एक शब्द आहे, क्रेडिट. गंमत बघा. बँकेचा मेसेज येतो, 'अकाउंट क्रेडिट झालं', म्हणजे पैसे आले. गिऱ्हाईक म्हणतं, 'क्रेडिटवर द्या', म्हणजे पैसे आत्ता येणार नाहीत! शब्द तोच, अर्थ उलटा.

मराठीत प्रत्येकाला वेगळा शब्द आहे. खात्यात आलं ते जमा. नंतर येणार ती उधारी. बाजारात आपल्यावर असलेला विश्वास म्हणजे पत, त्यावरूनच पतपेढी. क्रेडिटचं लॅटिन मूळसुद्धा 'विश्वास ठेवणे' असंच आहे. आणि कामाचं क्रेडिट म्हणजे श्रेय.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: व्यवहारात 'क्रेडिट' शब्द आला की थांबा आणि मराठीत विचारून घ्या.

१. 'पैसे क्रेडिट झालेत' म्हणून कोणी स्क्रीनशॉट दाखवला, तर तो पुरावा नाही. स्वतःचं खातं बघा, मगच माल द्या.

२. सप्लायर म्हणतो, 'जीएसटीचं क्रेडिट मिळेल.' तुम्ही कंपोझिशन स्कीममध्ये असाल तर मिळत नाही. रेग्युलर असाल, तरी त्याने रिटर्नमध्ये तुमचं बिल दाखवायला हवं. ते तुमच्या २बी मध्ये दिसतंय का, दर महिन्याला तपासा.

३. माल परत केला की क्रेडिट नोट येते. ती रोख नाही. रक्कम हातात मिळणार की पुढच्या बिलात वळती होणार, आधीच ठरवा.

४. 'थोडं क्रेडिट द्या ना.' किती दिवस? तुम्ही माल बनवत असाल किंवा सेवा देत असाल आणि सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असेल, तर २००६ चा एमएसएमईडी कायदा तुमच्या बाजूने आहे. लेखी करार असला तरी मुदत जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५. पुढे उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदाराला मात्र हे संरक्षण नाही. त्याने जास्तच जपायला हवं.

उधारी बंद करा, असं मी म्हणत नाही. आपल्या कुर्ल्यात ओळखीशिवाय धंदा होतो कुठे? पण ओळखीच्या माणसालाही तारीख विचारता येते, त्यात लाज कसली?

आज रात्री शटर खाली करण्याआधी वही उघडा. जिथे नुसतं 'क्रेडिट' लिहिलंय, तिथे रक्कम आणि परतीची तारीख टाका. तारीख माहीत नसेल, तर उद्या सकाळी पहिला फोन त्यालाच करा.